गोव्यातल्या पावसाला कोण पुरेल: मिटिऑर ३५० की हायनेस सीबी ३५०?

लांब पल्ल्याला चालेल अशी वापरलेली मोटरसायकल हवी, खिशाला पेलवायला हवी आणि चोर्ला घाटात दगा द्यायला नको. गोव्यात हा हिशेब मांडणारे बरेच जण शेवटी दोन नावांवर येऊन थांबतात: रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० आणि होंडाची हायनेस सीबी ३५०. दोन्ही २०२० च्या शेवटी आल्या. सप्टेंबर संपता संपता हायनेस दाखवली गेली आणि ६ नोव्हेंबरला मिटिऑर बाजारात उतरली. दोन्हींना एकच सिलिंडर, पाच गिअर आणि १५ लिटरची टाकी. दोन्हींच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि जोडीला ड्युअल चॅनल एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाके लॉक होऊ न देणारी सोय. आणि दोन्हींच्या नावावर रिकॉल आहेत.

इथेच घेणारा बिचकतो. कंपनीने परत बोलावलेली गाडी आपण कशाला घ्यायची, असे त्याला वाटते. माझे म्हणणे उलटे आहे. रिकॉल झाला म्हणून गाडी नाकारू नका, तो रिकॉल नीट वाचा. कुठला भाग, तो बिघडला तर चालत्या गाडीचे काय होते आणि गोव्याची हवा त्या बिघाडाला हातभार लावते का, या तीन गोष्टी पाहिल्या की दोन गाड्यांतला फरक उघड होतो.

मिटिऑरपासून सुरुवात करू. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक, बुलेट आणि मिटिऑर मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. मिटिऑरपुरते पाहिले तर डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या गाड्या त्यात येतात. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत चढवून स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारा हा भाग. तो बिघडला की इंजिन मिसफायर करते, ओढ कमी होते आणि क्वचित शॉर्ट सर्किट होऊ शकते. प्रत्यक्षात १० टक्क्यांहूनही कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचा अंदाज होता.

सव्वादोन लाखांवरचा आकडा पाहून छातीत धस्स होते. पण हा आकडा गाडी किती वाईट ते सांगत नाही, त्या चार-पाच महिन्यांत तो भाग किती गाड्यांत बसला एवढेच सांगतो. कंपनीचा खप मोठा, म्हणून आकडा मोठा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी २६,३०० गाड्यांचा रिकॉल झाला, मागच्या ब्रेकच्या रिॲक्शन ब्रॅकेटसाठी. पण तो मागे ड्रम ब्रेक आणि सिंगल चॅनल एबीएस असलेल्या क्लासिक ३५० चा होता. मिटिऑरच्या मागच्या चाकाला डिस्क असते, त्यामुळे तिचा त्याच्याशी संबंध नाही. बाजारात या दोन रिकॉलची सरमिसळ करून सांगणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता होंडा. नाव ऐकले की आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, आणि इंजिनाच्या बाबतीत तो विश्वास फारसा चुकीचा नाही. पण हायनेसचे रिकॉल जास्त लक्ष देऊन वाचावे लागतात, कारण त्यातले दोन थेट पाण्याशी जोडलेले आहेत.

पहिला रिकॉल लहान होता. २०२० च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बनलेल्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरला ठरल्यापेक्षा वेगळा धातू वापरला गेला होता. कालखंड इतका छोटा की आरसीवरचा महिना पाहिला की बहुतेकांची शंका फिटते. दुसरा डिसेंबर २०२३ चा. ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२३ मधल्या हायनेस आणि तिची बहीण सीबी ३५० आरएस, या दोन्हींच्या बँक अँगल सेन्सरचे मोल्डिंग नीट झाले नव्हते. सील बसते तिथे फट राहून पाणी आत शिरण्याचा धोका होता. मागच्या ब्रेक लाइटचा स्विचही त्याच वेळी बदलायला घेतला गेला. तिसरा २०२४ चा, चाकांच्या स्पीड सेन्सरसाठी. त्यातही कारण मोल्डिंगचे आणि धोका पाणी आत जाण्याचाच. एप्रिल २०२४ पर्यंतच्या गाड्या त्यात धरल्या आहेत.

बँक अँगल सेन्सरवर जरा थांबायला हवे. गाडी आडवी पडली की इंजिन आपोआप बंद करायचे, हे त्याचे काम. अपघातानंतर मागचे चाक फिरत राहू नये म्हणून ही सोय. पण आत पाणी गेले की सेन्सर चुकीचा निरोप देऊ शकतो, आणि धावत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकते. साखळीहून निघून केरी मागे टाकली की चोर्ल्याची चढण लागते. जुलैतल्या धुक्यात वळणावर इंजिन गेले आणि मागे मालाने भरलेला ट्रक असला, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. मिटिऑरच्या कॉइलचा बिघाड बहुतेक वेळा आधी कुरकुर करतो: इंजिन अडखळते, ॲक्सिलरेटर पिळूनही ओढ येत नाही. चालवणाऱ्याला कडेला घ्यायला वेळ मिळतो. सेन्सर मात्र काही न सांगता जाऊ शकतो. म्हणून रिकॉलचे काम बाकी असलेल्या दोन गाड्या समोर असतील, तर मला हायनेसची काळजी जास्त वाटेल, गाड्यांची संख्या मिटिऑरची मोठी असली तरी.

स्पीड सेन्सरचे तसेच आहे. स्पीडोमीटर, एबीएस आणि होंडाचा ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक जागीच घसरून फिरू न देणारी सोय), तिन्ही त्याच्या निरोपावर चालतात. तो बिघडला की तिन्ही एकदम गोंधळतात. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या चिऱ्याच्या मातीवर चाक लॉक होऊ न देणारी सोय नेमकी हवी तेव्हा गेलेली असते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी आणि सांगेकडे त्याहून जास्त. कोरड्या मुलखात ज्या फटीतून वर्षानुवर्षे काही आत जाणार नाही, त्याच फटीला इथे चार महिने सतत पाणी भिडते.

मग हायनेस नकोच? तसे अजिबात नाही. हे भाग बदलून मिळतात, वॉरंटी संपलेली असली तरी फुकट मिळतात, आणि बदलल्यावर तो दोष संपतो. काम झालेली हायनेस पावसाळ्यालाही चांगली सोबत करते. तिचे ३० न्यूटन मीटरचे बळ ३,००० आरपीएमलाच हाती येते, त्यामुळे घाटात सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. मिटिऑरचे २७ न्यूटन मीटर ४,००० ला मिळते. वजनात हायनेस १८१ किलो, मिटिऑर १९१. सीटची उंची मिटिऑरची ७६५ मिलिमीटर आणि हायनेसची ८००. उंची कमी असेल किंवा दिवाडी, चोडणच्या फेरीबोटीत गर्दीत गाडी पायांनी ढकलत न्यावी लागत असेल, तर मिटिऑर सोयीची. लांबच्या प्रवासात मात्र तिच्या पुढे काढलेल्या फूटरेस्टमुळे सगळा भार माकडहाडावर येतो. बेळगावमार्गे पंढरपूर गाठायचे असेल तर हायनेसची सरळ बैठक पाठीला बरी.

गोव्यातला दुसरा शत्रू मीठ. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रिटन, युरोप आणि कोरियातल्या सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणाऱ्या भागासाठी, परत बोलावल्या होत्या. इंटरसेप्टर, कॉन्टिनेंटल जीटी आणि हिमालयन या त्या गाड्या. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर टाकतात त्या क्षारांनी कॅलिपरमध्ये पिस्टन सरकतो ती जागा गंजत होती. मिटिऑर त्यात नव्हती आणि भारतातल्या गाड्याही नव्हत्या. तरीही मांद्रे, कळंगुट, कोलवा पट्ट्यात उघड्यावर राहिलेली कुठलीही गाडी पाहताना मला हा रिकॉल आठवतो. समुद्राची खारी हवा धातूला तेच करते, फक्त सावकाश. गाडी स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. ते अडकत, घासत फिरत असेल तर पिस्टन नीट मागे जात नाही असे समजा. ही तपासणी दोन्ही गाड्यांना सारखीच लागू आहे, आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की कॅलिपर उघडून साफ करून घेण्याची सवयही.

रेंटला फिरलेली गाडी हा गोव्याचा खास प्रश्न. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे घेऊन फिरलेल्या मिटिऑर पुढे खासगी करून विकल्या जातात. तशी गाडी वाईटच असते असे नाही, सर्व्हिस वेळेवर करणारे मालकही आहेत. पण ती किती हातांतून गेली आणि कुणी तिला किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत नेली का, हे कळायला मार्ग नसतो. आरसीचा जुना इतिहास विचारा. चेनचा स्प्रॉकेट, सायलेन्सरचा खालचा भाग आणि स्विंगआर्मचे बोल्ट पाहा, मीठ तिथे लपत नाही. हायनेस रेंटच्या धंद्यात मिटिऑरइतकी दिसत नाही, हा घेणाऱ्याचा फायदाच.

रिकॉलचे काम झाले की नाही, हे पाहून कळत नाही. सेन्सर बाहेरून तसाच दिसतो. खात्रीचा मार्ग एकच: आरसीवरचा चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणे आणि या गाडीवर कुठला रिकॉल बाकी आहे का ते त्यांच्या नोंदीत बघून घेणे. होंडाच्या बाबतीत बिगविंगला, म्हणजे होंडाच्या मोठ्या मोटरसायकलींच्या वेगळ्या शोरूमला जा. हायनेस तिथून विकली जाते, ॲक्टिव्हाच्या नेहमीच्या शोरूममधून नाही. नेमकी इथेच मिटिऑर सरस ठरते. एनफिल्ड हाताळणारे गॅरेज तालुक्याच्या गावातही सापडते आणि तिचे साधे स्पेअर लवकर मिळतात. सावंतवाडी, कोल्हापूर, हुबळी, कुठल्याही दिशेने गेलात तरी हीच स्थिती. हायनेसला एखादा पार्ट लागला तर शहर गाठायची तयारी हवी.

कायद्याचेही बळ आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०अ आणले, आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सक्तीच्या रिकॉलसाठी कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सात वर्षांच्या आतली गाडी त्यात येते. म्हणजे २०२१ ची गाडी घेतलीत तर २०२८ पर्यंत सुरक्षेतला दोष सरकारी पोर्टलवर नोंदवता येतो, तुम्ही दुसरे मालक असलात तरी.

माझा कौल विचाराल तर रोज पेडणे ते पणजी आणि सुट्टीत घाट, असे ज्याचे फिरणे आहे आणि ज्याला जवळच्या मेकॅनिकचा आधार लागतो, त्याने मे २०२१ नंतरची, रेंटला न गेलेली मिटिऑर घ्यावी. ज्याला महिन्यातून एकदा तरी चारशे-पाचशे किलोमीटर तोडायचे आहेत आणि बिगविंगची फेरी परवडते, त्याने हायनेस घ्यावी, पण बँक अँगल सेन्सर आणि दोन्ही चाकांच्या स्पीड सेन्सरची नोंद पूर्ण झालेलीच. चाचणीला काढताना एबीएसचा दिवाही बघा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढून दोष झाकला असेल. विझला नाही, तर सेन्सरकडे बोट जाते.

काम बाकी असेल तर सौदा मोडायची गरज नाही. विकणाऱ्याला ते आधी करून घ्यायला सांगा, त्याला पैसे पडत नाहीत. कामाचा जॉब कार्ड हातात आल्यावर उरलेली रक्कम द्या. गाडी सिंधुदुर्गच्या पासिंगची असली तरी अडचण नाही, रिकॉलचे काम कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रात होते. गोव्यात नाव चढवायला लागणारी एनओसी आणि रोड टॅक्स मात्र वेगळे, त्याचा खर्च किमतीत आधीच धरा.