वेलाच्या मांडवासाठी बांबू, फांद्या की नुसती दोरी?

कारली, दोडका, वाल पहिल्या पावसाबरोबर पेरायचे असतील, तर मांडवाचं सामान मे महिन्यातच घरात आलेलं बरं. मुंबईत जून ते सप्टेंबर 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. काय घ्यायचं हे वेलापेक्षाही ही ओल ठरवते.

गच्चीवर ड्रममध्ये दुधी किंवा पडवळ लावणार असाल, तर बांबूला पर्याय नाही. फळांचं वजन आणि वारा दोन्ही तो पेलतो. कोकणातला माणगा मिळाला तर तोच घ्या. तो जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. गणपतीनंतर मंडपाचे जुने बांबू स्वस्तात मिळतात, पण बारीक भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर ते घेऊ नका. बांबूतल्या पिष्टावर पोसणारी कीड त्यात आधीच शिरलेली असते. ओल्या मातीत रोवलेला बांबू बुडाशी लवकर कुजतो, म्हणून तो ड्रमच्या बाहेरून उभा करून बांधा आणि वरचं टोक कठड्याला किंवा पाइपला आवळा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वरचं टोक पेराच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर कापा. पोकळ नळी उघडी राहिली की तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. नळी आधीच उघडी असेल तर माती भरून बुजवा.

गॅलरीतल्या कुंडीला एवढा खटाटोप नको. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या झाडांची छाटणी होते, तेव्हा अंगठ्याएवढ्या जाड फांद्या मागून आणा. (झाड स्वतः तोडू नका, त्याला कायद्याने परवानगी लागते.) तीन फांद्यांची तिकाटी वाल, घेवडा, काकडीला पुरते आणि हंगाम संपला की तिचे तुकडे कंपोस्टमध्ये जातात. फक्त गिरिपुष्प, शेवगा, पांगारा यांच्या फांद्या ओल्या रोवू नका. त्या मूळ धरतात आणि कुंडीतलं खत वेलाआधी त्याच खातात. पूर्ण वाळवून मग वापरा.

दोरी दोन्हीकडे लागतेच, कारण कारल्याचे ताणे (वेल ज्यांनी आधार पकडतो ते बारीक तंतू) जाड बांबूला धरत नाहीत, त्यांना बारीक आधार हवा. सुतळी स्वस्त आहे, पण सतत भिजून ऐन फळांच्या दिवसांत तुटते. काथ्या खरखरीत असतो, हाताला टोचतो, तरी पाण्यात कितीतरी जास्त टिकतो. वीतभर अंतराने त्याच्या उभ्या-आडव्या ओळी ताणा. ग्रिल असेल तर कारल्यासाठी काठीचीही गरज नाही: वरच्या गजापासून कुंडीपर्यंत काथ्या सोडला की झालं.

पहिल्यांदाच करत असाल तर फांद्या आणि काथ्या घ्या. गच्ची मिळाली आणि सोसायटीने होकार दिला, तर बांबूवर पैसे घाला.