उरण लाईन की डहाणू लोकल, घर कुठे बघायचं?

बजेट कमी पडलं की लोक दोन टोकांना बघतात, उरण लाईनवरचं उलवे-द्रोणागिरी नाहीतर डहाणू लोकलवरचं पालघर-बोईसर, आणि दोन्हीकडचा एजंट एकच सांगतो, "लोकल आलीय ना." आलीय खरी, पण दोन्हीकडचं दुखणं अगदी उलट आहे.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ ला सुरू झाली. पब्लिक तिथे आधीपासूनच होतं, तारापूर एमआयडीसी, मुंबईला येणारे नोकरदार, फ्लाइंग राणी धरणारे पासवाले, आणि २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यावर तर ऑफिसांचीही ये-जा वाढली. नाहीत ते रूळ. विरारच्या पुढे दोनच ट्रॅक आणि त्यावरूनच राजधानी, मालगाड्या, मेमू सगळं जाणार, मग लोकलला वाट मिळेल तेव्हा मिळेल. गर्दी कितीही असली तरी गाड्या वाढवायच्या कुठून? त्यासाठी एमयूटीपी-३ (मुंबई लोकल सुधारायचा सरकारी प्रकल्प) मधलं विरार-डहाणू चौपदरीकरण आहे, म्हणजे दोनाचे चार ट्रॅक, ६४ किमी, ते पूर्ण झालं तर चित्र बदलेल, पण त्या भरवशावर आज हप्ता सुरू करायचा का हे तुम्ही बघा.

उरणला रूळ आहेत, डबल लाईन, मेल-एक्सप्रेसची कटकट नाही. खारकोपरपर्यंत २०१८ ला, उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला. पण सुरुवात झाली दिवसाला जेमतेम ४० फेऱ्यांनी, त्याही काही नेरूळहून, काही बेलापूरहून अशा वाटलेल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही धरून. एक चुकली की बसा, म्हणून माणूस बस नाहीतर बाईक धरतो, डबे रिकामे दिसतात, आणि डबे रिकामे म्हणून फेऱ्या वाढवायची घाई कोणाला नसते. त्यात अटल सेतू (शिवडी-न्हावाशेवा समुद्री पूल) पण त्याच दिवशी उघडला, गाडीवाले तिकडे वळले (कारला एका बाजूचा टोल २५० आहे, रोजचा हिशोब करून बघा).

माझं मत विचाराल तर नोकरी बेलापूर, वाशी, जेएनपीटी पट्ट्यात असेल तर डोळे झाकून उरण लाईन, शक्यतो खारकोपरच्या आसपास. सीएसएमटीला जायचं असेल तर गाडी बदलावी लागते, ते रोज जमणार असेल तरच. अंधेरी-बोरिवलीवाल्यांनी पालघर घ्या पण टाईमटेबल समोर ठेवून, ऑफिस सुटल्यावर विरारपुढची गाडी किती वाजता आहे आणि ती चुकली तर पुढची कधी, एवढं बघूनच टोकन द्या.