नळ्यांचा २०० लिटर सोलर: गच्चीपासून बाथरूमपर्यंत

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, कुठल्याही बंगल्याच्या गच्चीवर गेलात तर काळ्या काचनळ्यांची उतरती रांग आणि तिच्या डोक्यावर आडवी टाकी दिसते. विजेच्या पॅनलनाही आता सोलरच म्हणतात, पण पाण्याचा सोलर म्हणजे हा. बाजारात सर्रास खपणारा संच इथे तपासायला घेतला आहे: २०० लिटर, ५८ मिमी जाडीच्या आणि १८०० मिमी लांबीच्या २० नळ्या, साधी म्हणजे बिनदाबाची (पंपाचा दाब न सोसणारी) टाकी, किंमत साधारण २५ ते ३५ हजार. नळ्या सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो टाकीच्या पत्र्यात, फोममध्ये आणि सर्वांत जास्त प्लंबरच्या हातात.

पाणी तापवण्याचं काम हा संच चोख करतो, त्याबद्दल तक्रार नाही. डिसेंबरच्या निरभ्र दिवशीसुद्धा संध्याकाळी टाकीत हात घालवणार नाही इतकं कढत पाणी असतं. तक्रार आहे ती विकताना सांगितल्या जाणाऱ्या बचतीच्या आकड्याबद्दल.

तो हिशेब असा मांडतात: २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ८ युनिट लागतात, म्हणजे रोज ८ युनिट वाचले. गणित बरोबर, निष्कर्ष चूक. वाचतात ती तुम्ही खरंच वापरलेल्या गरम पाण्याची युनिटं. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांचं घर घ्या. २० लिटरची बादली, २२ अंशांचं पाणी ४२ वर न्यायचं, तर एका बादलीला अर्ध्या युनिटहूनही कमी लागतं. चौघांची मिळून दोनच्या आसपास, गिझरच्या टाकीतून उडून जाणारी उष्णता धरली तर सव्वादोन-अडीच. वर्षातले २७० दिवस ऊन धरलं तर सहाशे-साडेसहाशे युनिट झाली. उरलेलं गरम पाणी टाकीतच दुसऱ्या दिवसाच्या उन्हाची वाट बघत बसतं.

शॉवर असेल तर चित्र पालटतं. माणशी ६० लिटर कोमट पाणी सहज जातं, चौघांना रोज पाच-साडेपाच युनिट लागतात. घरात लहान मूल असेल, भांडी गरम पाण्याने घासली जात असतील, तर आणखी भर. तेव्हा आधी आपलं घर बादलीचं की शॉवरचं ते ठरवा. बादलीच्या चौघांना १०० लिटर, १० नळ्यांचा संच पुरतो. पण विक्रेता तो दाखवतच नाही, त्यात त्याला फारसं सुटत नाही.

युनिटचा दर कुठला धरायचा, तर महावितरणच्या बिलातल्या टप्प्यांपैकी तुमचा वापर जिथे संपतो त्या टप्प्याचा. घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, आणि वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टोकातून कमी होतात. त्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा, बिलात वेगळा दाखवलेला) मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. हे सगळं मिळून युनिट १० रुपयांना पडत असेल, तर बादलीच्या घराचे वर्षाला सहा-साडेसहा हजार वाचतात आणि ३० हजारांचा संच पाचेक वर्षांत फिटतो. महिन्याला शंभराच्या आत वापर असलेल्या घराने मात्र या फंदात पडू नये.

आता टाकी. तिच्यावर २०० लिटर छापलेलं असतं, पण नळ्यांतलं पाणीही त्यात मोजलंय का ते विचारा. नळी म्हणजे काचेच्या आत काच. आतल्या नळीची बाहेरची जाडी ४७ मिमी, तिच्यात २.७ लिटर पाणी मावतं. वीस नळ्यांचं झालं ५४ लिटर, आणि ते तुमच्या बादलीत कधीच येत नाही, कारण नळाची पाइप टाकीतून निघते आणि नळ्या टाकीच्या खाली असतात. सुताराचा टेप घ्या आणि टाकी मोजा. वीस नळ्यांची टाकी साधारण १.६ मीटर लांब असते. आतला व्यास ४०० मिमी असेल तर २०० लिटर भरतात, ३६० असेल तर १६३. भोवती ५० मिमी पफचा (पॉलियुरेथेनचा) फोम हवा, म्हणजे पूर्ण २०० लिटरच्या टाकीचा बाहेरचा व्यास ५०० मिमीच्या आसपास यायला हवा. ४६० भरला, तर एक तर पाणी कमी आहे किंवा फोम ३० मिमीचा आहे. दोन्हीपैकी काय ते विक्रेत्यालाच सांगू द्या. फोम पातळ असला की रात्रीत पाणी निवतं, आणि आपल्याकडे सगळा वापर सकाळी सहा-सातचा असल्याने नेमकी तीच उष्णता हवी असते.

आतला पत्रा कुठल्या स्टीलचा आहे ते बिलावर लिहून घ्या: ३०४ एल की ३१६ एल. गोड्या पाण्याला ३०४ चालतं. बोअरच्या खारट पाण्यात ते जोडाच्या वेल्डिंगपाशी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी गळायला लागतं. सोलापूर, लातूर, बीडकडे बोअरवर सोलर चालवायचा तर ३१६ एल तरी घ्या, नाहीतर आतून काचेचा थर दिलेली टाकी. काचथराच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो, म्हणून वर्षातून एकदा काढून बघायचा आणि झिजला की बदलायचा. हे टाकी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही, मग टाकी फुटली की दोघंही पाण्याला शिव्या घालतात.

क्षाराच्या पाण्यात एका बाबतीत हा प्रकार सपाट तांब्याच्या पॅनलपेक्षा बरा आहे. पॅनलमधल्या बोटाएवढ्या तांब्याच्या नळ्या क्षाराने चोंदतात आणि पाण्याचं फिरणंच थांबतं. काचनळीत क्षार तळाला पांढऱ्या गाळासारखा बसतो, नळी काढून धुतली की झालं. गोडं पाणी आणि जास्त बजेट असेल तर मात्र तांब्याचं पॅनल घ्यावं. त्याची काच कडक केलेली असते, माकडांच्या उड्यांना आणि गारांना नळ्यांपेक्षा जास्त टिकते. कोकणात माकडांचा विचार आधी करायचा, किमतीचा मागून.

बसवताना चुका होतात त्या बहुतेक उंचीच्या. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. सोलरचा माथा गच्चीपासून साडेपाच-सहा फुटांवर येतो, म्हणजे गार टाकीला किमान सहा-सात फुटांचा स्टँड लागतो. तो नसला की गार टाकी अर्धी भरलेली असतानाच सोलरचं पाणी बंद होतं. हवेची नळी सोलरच्या टाकीतून सरळ वर, गार टाकीच्या भरल्या पातळीच्याही वर न्यायची आणि तोंड उघडं ठेवायचं. ती आखूड राहिली तर तिच्यातून पाणी वाहतं, म्हणून काही जण तिला बूच मारतात. बूच मारलेल्या टाकीतलं पाणी खालून ओढलं जाताना आत हवा येत नाही, पोकळी होते आणि पत्रा आत बसतो. वॉरंटीत हे बसत नाही.

तोंड दक्षिणेला, उतार ३० ते ३५ अंश. महाराष्ट्र १६ ते २२ अक्षांशांत आहे आणि गरम पाणी हिवाळ्यात लागतं, म्हणून अक्षांशापेक्षा थोडा जास्त उतार. सकाळी ९ ते दुपारी ३ कठड्याची, पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली नळ्यांवर येता कामा नये. स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग जातं. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट घ्यावेत. पाण्यासकट वजन पाव टनाच्या वर जातं, त्यामुळे पाय तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर यावेत.

पाइपचं पुराण मोठं आहे. सोलरपासून बाथरूमपर्यंत १५ मीटर अंतर आणि एक इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची पाइप) असेल, तर पाइपमध्ये साडेसहा लिटर गार पाणी अडकलेलं असतं. पाऊण इंचीत ते चार लिटरच्या आत येतं. प्रत्येक आंघोळीआधी तेवढं पाणी सांडतं, आणि चौघांनी तासातासाच्या अंतराने आंघोळ केली तर चारदा. मोठी पाइप म्हणजे चांगली पाइप हा समज इथे उलटा पडतो: दाब पुरत असेल तर पाऊण इंचीच ठेवा. दोन बाथरूम गच्चीखाली एकावर एक असतील तर उत्तम, सोलर त्यांच्या डोक्यावर. साधी पीव्हीसी गरम लाइनला चालतच नाही, मऊ पडून जोड सुटतात. सगळ्या गरम लाइनवर रबरी फोमचं आवरण हवं आणि उन्हातल्या भागावर वरून टेप, नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो.

प्रेशर पंप असलेल्या घरात सर्वांत जास्त गोंधळ होतो. या संचाच्या नळ्या टाकीत सिलिकॉनच्या रिंगांवर बसतात, पंपाचा दाब त्या सोसत नाहीत. म्हणून गार पाणी सोलरला पंपाआधीच्या लाइनमधून, नुसत्या उताराने द्यायचं. पण मग मिक्सर नळाशी एका बाजूला पंपाचं गार पाणी, दुसऱ्या बाजूला उताराचं गरम. दोन्ही उघडले की गार पाणी गरम लाइनमधून उलटं वर चढतं, टाकी निवते आणि हवेच्या नळीतून गच्चीवर पाणी. ‘सोलर बिघडला’ अशा तक्रारींपैकी कितीतरी एवढ्याच असतात. उपाय: गरम लाइनवर उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, किंवा गरम लाइनलाही गरम पाण्याचा वेगळा छोटा पंप. टाकी आणि पंप दोन्ही सुखाने नांदावेत असं वाटत असेल, तर दाबाची टाकीच घ्यावी लागते आणि ती महाग पडते.

पावसाळ्यासाठी टाकीत बसवलेला २ किलोवॅटचा कॉइल विक्रेता फुकट देतो. घेऊ नका, किंवा जोडू नका. दोघांच्या आंघोळीसाठी तो अख्खी टाकी तापवतो. २०० लिटर २५ वरून ४५ वर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त जातात, तेवढ्यात बाथरूममधला १५ लिटरचा गिझर आठवडाभर नाही तरी दोन दिवस नक्की काढतो. त्यापेक्षा गिझर राहू द्या आणि दोन कॉक लावून सोलर-गिझर बदलायची सोय करा. सोलरचं पाणी ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरमधून घालू नका, ८० अंशांचं पाणी त्याच्या प्लास्टिकला मानवत नाही.

छतावर विजेचे पॅनल बसवायचे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्ये थांबलं. पीएम सूर्यघर योजनेत पॅनलना पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. एक किलोवॅट पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं आणि ती वीज पंख्याला, फ्रीजला, गिझरलाही चालते. गच्ची मोकळी असेल, बिल मोठं असेल आणि घर बादलीचं असेल, तर आज पॅनल आणि साधा गिझर हीच जोडी सरस आहे. गच्ची लहान, घर शॉवरचं, माणसं सहा-सात असतील तर नळ्यांचा सोलर अजूनही कमी जागेत जास्त उष्णता देतो.

देखभाल थोडी, पण वेळेची. नळीच्या खालच्या टोकाला आत चांदीसारखा चकाकता डाग असतो. तो दुधाळ पांढरा झाला की त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, नळी पाणी धरते पण उष्णता धरत नाही. सूर्य मावळल्यावर रांगेवरून हात फिरवा, बाहेरून गरम लागेल ती नळी बदलायची. टाकी रिकामी करायची वेळ आली तर नळ्या झाका, आणि पाणी परत सोडायचं ते सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर. कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की काच तडकते. भर दुपारी पाणी गेलं, चारला आलं आणि नळ्या फुटल्या, हे असंच होतं.

मे महिन्यात आठवडाभर गावाला जाताना निम्म्या नळ्यांवर जुनं पोतं किंवा शेडनेट बांधून जा. न वापरलेलं पाणी उकळत राहतं, हवेच्या नळीतून वाफ जाते आणि रिंगा कडक होतात. परत आल्यावर पहिल्या दिवशी मिक्सरचा गार कॉक आधी उघडायचा.