मिरजेची सतारमेकर गल्ली: पोरांना दाखवायची तर अशी

सांगलीहून मिरज जेमतेम दहा किलोमीटर. सिटी बसने, वडापने, कशानेही जाता येतं. तरी सांगलीतल्या कितीतरी घरांत मिरज म्हणजे फक्त रेल्वे जंक्शन आणि दवाखाने. सुट्टीत पोरांना मॉलमध्ये फिरवण्यापेक्षा सतारी-तंबोरे बनवणाऱ्या या गल्लीतले दोन तास केव्हाही सरस, पण कुठल्या दुकानात शिरायचं हे कळलं तरच.

रस्त्याकडेच्या काचेच्या दुकानांत पॉलिश मारलेली तयार वाद्यं उभी असतात. मोठ्यांना ती बघवत राहतात, पोरं पाच मिनिटांत चुळबुळायला लागतात. ज्या दुकानाच्या उंबऱ्यावर लाकडाचा भुसा पडलाय आणि आढ्याला भोपळे टांगलेत, ते दुकान निवडावं. ‘चाचा, पोरांना काम बघायचंय, बसू का जरा?’ एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी जागा करून देतात. सकाळी जावं, आणि शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळावी. हातात तातडीची ऑर्डर असेल तर कारागीर बोलणार नाहीत. त्यात त्यांचं काही चुकत नाही, पुढचं दुकान गाठावं.

सुरुवात भोपळ्यापासून करावी, वाद्याचं पोकळ पोट त्याचंच असतं. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून, आणि कित्येक महिने वाळल्यावर कामाला घेतात. पोराच्या हातात एक वाळका भोपळा द्यायला सांगा. एवढा मोठा गोल आणि वजन जवळजवळ काहीच नाही, हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढची पायरी अशी: वरचा भाग कापायचा, भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर खरवडून काढायचा, मग आत काठ्या अडकवून तोंडाला हवा तो आकार देऊन पुन्हा वाळवायचा. गर नीट निघाला नाही तर पुढे कीड पोखरते. पुरुषांच्या तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा लागतो, पन्नास इंचांच्या पुढचा. बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. मोजायची टेप बरोबर ठेवा, पोरं आळीपाळीने घेर मोजत बसतात.

लाकडाचं काम भराभर बघून घेतलं तरी चालतं. दांडी आणि भोपळ्यावर बसणारी तबली बहुतेक तुनाच्या लाकडाची असते. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तो गळा; वाद्य आपटलं की पहिली चीर तिथेच जाते, हे मात्र पोरांना बोट लावून दाखवावं. सतार करणारा भेटला तर खालच्या तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा मोजायला लावा, अकरा ते तेरा भरतात.

खरी गंमत जवारीची, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज घुमता करण्याची. तारा जिच्यावर टेकतात त्या तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. तारेच्या दिशेने डोळ्याला दिसेल न दिसेल इतका उतरता असतो. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, म्हणून नुसता ‘टण्ण’ न होता आवाज घुमत राहतो. कारागीर कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसाएवढा पुढे-मागे सरकवतो. एका जागी आवाज एकदम उघडतो. पोरांना डोळे मिटायला सांगून एकदा दोऱ्यासकट आणि एकदा दोरा काढून तीच तार ऐकवायला सांगा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या पोराला फरक लगेच कळतो. पाचाच्या आतलं मूल असेल तर हा बेत पुढे ढकला: पटाशा खाली पडलेल्या असतात, आणि पॉलिशच्या स्पिरिटचा वास कोंडलेल्या खोलीत डोक्यात जातो.

हे हात मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात शस्त्रांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली, अशी इथली परंपरा सांगते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं. गल्लीतून मिरासाहेब दर्ग्यात जावं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ तिथेच दफन आहेत.

उणिवा आहेतच. कुठे काय बघायला मिळेल हे सांगणारी एकही धड पाटी नाही, गल्ली अरुंद, आणि वाट काढत दुचाक्या येत राहतात. स्वच्छतागृहाचं काम आधीच उरकून निघावं. भडंग खाऊन तेलकट झालेले हात पॉलिशला लावू देऊ नका. ठसा उमटला की कारागिराला तो भाग पुन्हा घासावा लागतो.

पोरासाठी घ्यायचं तर एकतारी घ्या. शोभेची चिमुकली तंबोरी दिसायला गोड, पण ती कपाटातच राहते. खरा तंबोरा घेणार असाल तर पावसाळा सोडून घ्या: दमट हवेत पॉलिश नीट वाळत नाही आणि तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकतात. उन्हाळ्यात उलट, त्या सैल पडून फिरत राहतात. तेव्हा खुंटीला खडू घासतात. घेताना तबली आणि भोपळा बोटाने सगळीकडून टिचकून बघा, एखाद्या जागी आवाज बद्द आला तर तिथे चीर किंवा भरणी आहे का ते विचारा. घरी नेताना तारा थोड्याच उतरवा. घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या ताणावरच उभी असते. सगळ्या तारा सैल केल्या की ती सरकते, जवारी जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरजेची बस धरावी लागते.