शेंगेन की ब्रिटन : सुट्टीच्या व्हिसात फरक कुठे पडतो

"युरोपच्या व्हिसावर लंडनपण होतं ना?" नाही होत. पॅरिस आणि लंडन एकाच सहलीत हवं, तर अर्ज दोन आणि शुल्कही दोनदा.

शेंगेन म्हणजे युरोपातल्या 29 देशांचा गट; त्याचा एकच व्हिसा या सगळ्या देशांत चालतो. अर्ज मात्र जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. खरी गफलत होते ती 90/180 च्या नियमात. मुक्कामाच्या कोणत्याही दिवसापासून मागचे 180 दिवस मोजा. त्यात शेंगेनमधले दिवस 90 च्या वर जाता कामा नयेत. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. शिवाय व्हिसा अनेकदा सहलीपुरताच मिळतो, म्हणून त्यावर छापलेला दिवसांचा आकडाच खरा. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

ब्रिटनचं गणित सोपं : साधारणपणे एका वेळी 6 महिन्यांपर्यंत राहता येतं, विम्याची सक्ती नाही. कागद इंग्रजीत हवेत, मराठी सातबारा जोडलात तर प्रमाणित भाषांतरासकट.

अर्ज शेंगेनसाठी 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. ब्रिटनसाठी 3 महिने आधीपासून. मे महिन्यात जायचं असेल तर शेंगेनची अपॉइंटमेंट दिवाळीचा फराळ संपतानाच शोधायला लागा. पहिलीच सहल आणि दहाच दिवस हातात असतील, तर मी दोन्ही एकत्र करणार नाही.