वेलिंग्टनची तयारी: एकट्याने की गटात?

निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना वरच्या जबाबदाऱ्यांसाठी तयार करणाऱ्या संस्थेची, लेखी प्रवेश परीक्षा द्यायची म्हणून एका मेजर मित्राने विचारलं, अभ्यास एकट्याने करू की गटात?

वेळेच्या हिशेबात एकट्याचा अभ्यास सरस; दुर्गम चौकीवर दुसरा पर्यायही नसतो. परीक्षेतला लष्करी इतिहास असाच पक्का होतो. डावपेचांचं मात्र वेगळं. नकाशावर आपण आखलेली योजना आपल्याला बिनचूकच वाटते. तोफखान्याचा किंवा सिग्नल्सचा (लष्कराच्या संपर्क विभागाचा) सोबती तिच्यातली भोकं दाखवतो, तेव्हा डोकं खरं चालू लागतं. घड्याळ लावून उत्तरं लिहिण्याचा सराव दोन्हीकडे हवाच, अगदी हात दुखेपर्यंत.

फील्डवर, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर, असलास तर एकट्याने वाच, उत्तरं कुणा ज्येष्ठाकडून तपासून घे. पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, असलास, तर तिघाचौघांचा गट धर.