बुमरावर पैज लावायची तर 434वर की 311वर?

आमच्या ऑफिसात कसोटी मालिका आली की पैजा लागतात. हरणाऱ्याने मिसळ द्यायची, एक्स्ट्रा पावासकट. सध्याचा वाद एकच: जसप्रीत बुमरा कपिल देवचा 434 विकेटचा आकडा गाठणार का? भारतीय वेगवान गोलंदाजांत तो अजून कुणी ओलांडलेला नाही. तुम्हालाही बाजू निवडायची असेल तर आधी दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. हा हिशेब 2025 अखेरपर्यंतचा आहे.

कपिल: 131 कसोटी, 434 विकेट, सरासरी (म्हणजे एका विकेटमागे दिलेल्या धावा) 29.64. बुमरा: 52 कसोटी, 234 विकेट, सरासरी विशीच्या आत. एका विकेटसाठी कपिलला जवळपास 64 चेंडू लागायचे, बुमराला 42-43. बुमराची बाजू घेणारे इथेच टेबलावर हात आपटतात. कपिलने 27,740 चेंडू टाकले. याच वेगाने बुमराला 434साठी साडेअठरा हजार पुरतील. दोन तृतीयांश मेहनतीत तेच फळ!

आणि ते चूक म्हणत नाहीत. फेब्रुवारी 2024मध्ये विशाखापट्टणमला फलंदाजांच्या खेळपट्टीवर त्याने इंग्लंडच्या ऑली पोपला टाकलेला यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी टप्पा पडणारा चेंडू, आठवा. जुना चेंडू आत वळला, बॅट खाली येईपर्यंत दोन स्टंप उखडलेले आणि पोप वळून नुसता बघत राहिलेला. डिसेंबर 2024मध्ये मेलबर्नला ट्रॅव्हिस हेडला बाद करून 200 विकेट पूर्ण झाल्या, त्या 44व्या कसोटीत. कौशल्यावर पैज असती तर मी डोळे झाकून मिसळ लावली असती.

पण पैज कौशल्यावर नाही, हजेरीवर आहे. कपिल ऑक्टोबर 1978मध्ये फैसलाबादला पदार्पण करून मार्च 1994पर्यंत खेळला, आणि एवढ्या वर्षांत फक्त एका कसोटीला मुकला. 1984च्या वर्षअखेरीस सुरू झालेली कोलकात्याची ती कसोटी. तीही दुखापतीमुळे नाही, दिल्लीत नको तो फटका मारला म्हणून त्याला बसवलं होतं. म्हणजे दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही! आज हे खरं वाटत नाही.

बुमराचा रनअप आखूड, सगळा वेग शेवटच्या दोन-तीन पावलांत आणि खांद्यातून निघतो, आणि त्याची किंमत पाठ मोजते. 2019ला पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर), 2022ला पुन्हा पाठ, 2023च्या मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया. ऑस्ट्रेलियात 2024-25ला पाच कसोटींत 32 विकेट घेतल्या आणि सिडनीच्या शेवटच्या डावात, जिथे त्याची खरी गरज होती, तिथे तो चेंडू टाकूच शकला नाही. मग 2025च्या इंग्लंड दौऱ्याआधीच जाहीर झालं की पाचपैकी तीनच कसोटी खेळेल. तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर तोच शहाणपणा होता.

आता गणित. हवेत अजून 200. कसोटीला साडेचार विकेट या दराने 45 कसोटी. जानेवारी 2018पासून आठ वर्षांत त्याने 52 खेळल्या, म्हणजे वर्षाला सहा-सात. याच चालीने सात वर्षं लागतील आणि तो 39चा होईल. कपिलने पस्तिशीत थांबताना काय केलं तेही बघा: फेब्रुवारी 1992मध्ये पर्थला 400 झाल्या, पुढच्या 34साठी दोन वर्षं गेली. शेवटी शेवटी तो गाडा कसा ओढत होता, हे आमच्या वयाच्या लोकांनी दूरदर्शनवर बघितलंय. 8 फेब्रुवारी 1994ला अहमदाबादला त्याने न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीचा 431चा जागतिक विक्रम मोडला, तेव्हा मैदानातून 432 फुगे सोडले होते. त्याच शहरात जन्मलेला बुमरा तेव्हा दोन महिन्यांचा होता!

कुणी इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसनचं उदाहरण देईल. बत्तिशी ओलांडल्यावर त्याने 300हून अधिक कसोटी विकेट घेतल्या, एकूण 704. खरंय, पण 2015नंतर तो इंग्लंडकडून एकही वनडे खेळला नाही, आणि त्याला आयपीएलचे दोन महिनेही नव्हते.

म्हणून माझा सल्ला: पैज 434वर लावू नका, 311वर लावा. तिथे आपला श्रीरामपूरचा झहीर खान आणि इशांत शर्मा दोघेही बरोबर त्याच आकड्यावर थांबलेत. झहीर 92 कसोटींत, इशांत 105मध्ये. बुमराला त्यांच्या पुढे जायला 78 हव्यात, म्हणजे सतरा-अठरा कसोटी. पाठीने साथ दिली तर तीन वर्षांच्या आतबाहेर.

मी 434ला 'नाही' लिहून कागद ड्रॉवरमध्ये ठेवलाय. बुमराने टी-ट्वेंटी सोडल्याची बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तो काढून खोडेन.